खुब्याची शस्त्रक्रिया आणि पायांच्या लांबीतील फरक

खुब्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णास साधारणतः दुसऱ्या दिवशी, पुष्कळदा त्याच दिवशी, वॉकरच्या आधाराने उभे केले जाते. अनेक वर्षे छळणारी वेदना तोवर बरीचशी ओसरलेली असते. मात्र पहिली काही पावले टाकताच काही रुग्ण थबकतात आणि शस्त्रक्रिया झालेला पाय लांब झाल्याची तक्रार करतात. जिना उतरताना तो पाय आधी टेकतो, उभे राहताना गुडघा किंचित वाकवावा लागतो, कंबर एका बाजूला उचलल्यासारखी वाटते. शस्त्रक्रिया तांत्रिकदृष्ट्या यशस्वी होऊनही रुग्ण असमाधानी राहण्याच्या कारणांत ही तक्रार वरच्या क्रमांकावर आहे. अमेरिकेत खुब्याच्या शस्त्रक्रियेवरून शल्यचिकित्सकांविरुद्ध दाखल होणाऱ्या दाव्यांच्या प्रमुख कारणांतही तिचा समावेश होतो.

याउलट, एक पाय आखूड असल्यामुळेच शस्त्रक्रियेकडे वळणाऱ्यांची संख्याही भारतात मोठी आहे. लहानपणी खुब्यात झालेला जंतुसंसर्ग, क्षयरोग, अपघातानंतर वेडेवाकडे जुळलेले हाड किंवा पोलिओ यांमुळे आखूड झालेला पाय नव्या सांध्याने पूर्ववत होईल, अशी या रुग्णांची अपेक्षा असते. ती कितपत पूर्ण होऊ शकते, हे सांध्यापेक्षा त्याभोवतीच्या स्नायूंवर, मज्जातंतूंवर आणि पाठीच्या कण्यावर अधिक अवलंबून असते.

चेन्नईची ओळख

खुब्याच्या शस्त्रक्रियेच्या संदर्भात चेन्नईचे नाव देशभर घेतले जाते. डॉ. प्रताप सी. रेड्डी यांनी ग्रीम्स मार्गावर उभारलेले अपोलो रुग्णालय १९८३ मध्ये सुरू झाले. अस्थिशल्यचिकित्सक डॉ. पी. व्ही. ए. मोहनदास यांनी १९९९ मध्ये मणपाक्कम येथे मायोट रुग्णालयाची स्थापना केली. या नावातच अस्थिरोग आणि अपघातचिकित्सा या दोन शाखांचा उल्लेख आहे. १८३५ मध्ये स्थापन झालेल्या मद्रास वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असलेले शासकीय सामान्य रुग्णालय मध्यवर्ती रेल्वे स्थानकासमोरच आहे. चेन्नईपासून सुमारे १४० किलोमीटरवर वेल्लोरचे ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालय असल्याने महाराष्ट्रासह अनेक राज्यांतील रुग्ण एकाच प्रवासात दोन्ही ठिकाणचा सल्ला घेताना दिसतात.

या शहराला परदेशात प्रसिद्धी मिळाली ती मुख्यतः एका विशिष्ट शस्त्रक्रियेमुळे. खुब्याचा संपूर्ण गोळा कापून काढण्याऐवजी तो तासून त्यावर धातूची टोपी बसविण्याच्या पद्धतीस पृष्ठभागरोपण, अर्थात हिप रिसरफेसिंग, असे म्हणतात. ब्रिटिश शल्यचिकित्सक डेरेक मॅकमिन यांनी विकसित केलेले या पद्धतीचे बर्मिंगहॅम उपकरण १९९७ मध्ये वापरात आले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्यास मे २००६ पर्यंत मान्यता दिलेली नव्हती. त्यामुळे कापल्या जाणाऱ्या हाडाबद्दल चिंतित असलेले अमेरिकी रुग्ण अन्य देशांकडे वळू लागले. त्यावेळी अपोलो समूहाच्या चेन्नईतील रुग्णालयात काम करणारे डॉ. विजय बोस यांच्याकडे असे रुग्ण येत असत. सीबीएस वाहिनीच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ या कार्यक्रमाने २००५ मध्ये या प्रवासाची दखल घेतली होती.

भारतीय रुग्णांना या पद्धतीचे आकर्षण वाटले त्याचे कारण वेगळे होते. मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे, जमिनीवरून उठणे या हालचाली येथील दैनंदिन जीवनाचा भाग आहेत. शिवाय येथील खुब्याचे रुग्ण पाश्चात्त्य देशांतील रुग्णांच्या तुलनेत पुष्कळदा तरुण असतात. गोळ्याचा रक्तपुरवठा खंडित होऊन हाड मृत होण्याचा विकार आणि कणा ताठर करणारा अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस ही त्याची दोन मोठी कारणे होत. विदर्भात, विशेषतः गडचिरोली, चंद्रपूर आणि नागपूर परिसरात आढळणाऱ्या सिकलसेल या रक्तविकारातही खुब्याचे हाड ऐन तारुण्यात मृत होते. कोविडच्या साथीत स्टिरॉइड दिलेल्या काही रुग्णांत हाच विकार दिसल्याची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये केली होती.

खरा आखूडपणा आणि भासणारा आखूडपणा

दोन्ही पाय तंतोतंत समान असलेली माणसे थोडीच. काही मिलिमीटरांचा फरक बहुतेकांत असतो आणि तो कधी लक्षातही येत नाही. शरीर कंबरेचा कल आणि कण्याचा किंचित बाक यांच्या साहाय्याने तो सामावून घेते. तक्रार सुरू होते ती फरक वाढल्यावर किंवा तो अचानक निर्माण झाल्यावर. जन्मापासून दोन सेंटिमीटरच्या फरकासह सहज वावरणाऱ्या व्यक्तीस शस्त्रक्रियेने एका दिवसात झालेला एक सेंटिमीटरचा बदल असह्य वाटू शकतो.

वैद्यकशास्त्र या फरकाचे दोन प्रकार मानते. हाडांचीच लांबी कमी असेल किंवा गोळा वाटीतून वर सरकला असेल, तर तो खरा आखूडपणा. हाडे समान असूनही सांधा आखडल्यामुळे किंवा कंबर तिरपी झाल्यामुळे पाय आखूड दिसत असेल, तर तो भासणारा आखूडपणा. दोन्ही मोजण्यासाठी साधी मोजपट्टी पुरते. कमरेच्या पुढील हाडाच्या टोकापासून घोट्याच्या आतील उंचवट्यापर्यंतचे अंतर खरी लांबी दर्शविते. बेंबीपासून त्याच उंचवट्यापर्यंतचे अंतर भासमान लांबी दर्शविते. खऱ्या लांबीसाठी मोजताना दोन्ही पाय कमरेशी समान कोनात ठेवावे लागतात. एक पाय आखडलेला असेल, तर चांगला पायही तितकाच वळवून मोजावा लागतो. ही दक्षता घेतली नाही, तर मोजमाप फसवे ठरते.

आखडलेल्या सांध्याचा परिणाम किती मोठा असू शकतो, हे एका साध्या हिशेबावरून कळते. खुबा आतल्या बाजूस अवघा दहा अंशांनी कायमचा वळलेला असेल, तर पाय सुमारे तीन सेंटिमीटर आखूड भासतो. प्रत्यक्षात हाड एक मिलिमीटरही कमी झालेले नसते. खुब्याच्या क्षयरोगात तर एकाच रुग्णात तिन्ही अवस्था क्रमाने दिसतात. आरंभी सांध्यात पाणी साचते, पाय बाहेरच्या बाजूस वळतो आणि लांब भासतो. पुढे स्नायू आवळले जाऊन तो आत वळतो आणि आखूड भासतो. अखेरीस हाड झिजून गोळा वर सरकतो, तेव्हा आखूडपणा खरा होतो. रुग्ण कोणत्या टप्प्यावर तपासणीस आला, यावर निदानाची दिशा ठरते.

लाकडी ठोकळ्यांची चाचणी रुग्णाला सर्वांत लवकर पटते. आखूड पायाखाली ज्ञात जाडीचे ठोकळे एकावर एक ठेवून कंबर सरळ दिसेपर्यंत किंवा रुग्णास समतोल वाटेपर्यंत उंची वाढविली जाते. यंत्राने काढलेला आकडा आणि रुग्णाला जाणवणारा फरक अनेकदा जुळत नाहीत. अशा वेळी शस्त्रक्रियेच्या आखणीत ठोकळ्यांचा आकडा दुर्लक्षून चालत नाही. दोन्ही पायांचे उभ्याने काढलेले पूर्ण लांबीचे क्ष-किरण छायाचित्र या तपासणीस पूरक ठरते. गुडघा आखडलेला आहे काय, घोटा ताठ आहे काय, कणा कायमचा वाकलेला आहे काय, हेही याच वेळी पाहावे लागते. कण्याचा बाक लवचिक असेल, तर पाय समान झाल्यावर तो सरळ होतो. तो ताठर झालेला असेल, तर समान केलेले पायच रुग्णाला असमान वाटू लागतात.

लंगडण्यामागे नेहमी लांबीच असते, असेही नाही. जर्मन शल्यचिकित्सक फ्रीडरिख ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९५ मध्ये वर्णन केलेल्या चाचणीत रुग्णास एका पायावर उभे केले जाते. खुब्याच्या बाहेरील स्नायू दुबळे असतील, तर उचललेल्या पायाकडील कंबर खाली झुकते. अशा रुग्णाच्या पायाची लांबी जुळविली तरी चाल सुधारत नाही. त्याला स्नायूंच्या व्यायामाची गरज असते.

शस्त्रक्रियागृहातील निर्णय

आधुनिक खुबारोपणाचे जनक मानले जाणारे सर जॉन चार्नली यांनी इंग्लंडमधील राइटिंग्टन येथे नोव्हेंबर १९६२ मध्ये धातूचा गोळा आणि पॉलिथिनची वाटी यांचा वापर सुरू केला. त्या काळातील अखंड उपकरणांत लांबी बदलण्यास फारसा वाव नव्हता. आता मांडीच्या हाडात बसणारा दांडा, त्यावरचा गोळा आणि कमरेतील वाटी हे भाग वेगवेगळे असतात. गोळ्याची मान काही मिलिमीटरांच्या टप्प्यांनी लांब किंवा आखूड निवडता येते. दांडा किती खोल बसला, हाड कोणत्या पातळीवर कापले आणि वाटी किती वर किंवा खाली बसली, या तीन गोष्टींवर पायाची अंतिम लांबी ठरते.

या आखणीची सुरुवात शस्त्रक्रियेपूर्वीच होते. क्ष-किरण छायाचित्रावर उपकरणाचे पारदर्शक आराखडे ठेवून योग्य आकार निवडले जात. आता हे काम संगणकावर होते. प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत कमरेच्या हाडात एक खूणपिन रोवून मांडीच्या हाडावरील ठरावीक बिंदूपर्यंतचे अंतर सांधा निखळविण्यापूर्वी आणि नवा सांधा बसविल्यानंतर मोजले जाते. दोन्ही गुडघे शेजारी ठेवून तुलना करणे ही जुनी रीतही टिकून आहे. संगणकीय मार्गदर्शन आणि यंत्रमानव यांमुळे अचूकता वाढली आहे; परंतु किती लांबी द्यावी, हा निर्णय यंत्र घेत नाही.

येथेच शल्यचिकित्सकापुढे खरी अडचण उभी राहते. सांध्याभोवतीचे स्नायू ताणलेले नसतील, तर नवा गोळा वाटीतून निसटण्याचा धोका असतो. शस्त्रक्रियेच्या अखेरीस सांधा सैल वाटला, तर थोडी लांब मान निवडून तो घट्ट करता येतो. पाय त्यामुळे काही मिलिमीटर लांब होतो. निखळलेल्या सांध्यासाठी पुन्हा भूल देण्याची वेळ येण्यापेक्षा किंचित लांब पाय बरा, असा विचार अनेक शल्यचिकित्सक करतात आणि तो अवाजवी म्हणता येत नाही. तथापि, गोळा बाहेरच्या बाजूस थोडा सरकविणारा दांडा निवडला, तर लांबी न वाढविताही स्नायूंचा ताण साधता येतो. हा पर्याय उपलब्ध असताना केवळ लांबी वाढवून स्थैर्य मिळविणे, हे आखणीतील उणेपण ठरते.

लांबी वाढविण्यालाही मर्यादा आहे. जन्मतः निखळलेल्या खुब्यात गोळा कित्येक सेंटिमीटर वर गेलेला असतो. तो एकाच वेळी मूळ जागी आणल्यास पायाच्या मागून जाणारा सायटिक मज्जातंतू ताणला जातो. चार सेंटिमीटरच्या पुढे हा धोका लक्षणीय वाढतो, असे सामान्यतः मानले जाते. तंतूस इजा झाल्यास पाऊल वर उचलता येत नाही आणि ते चालताना घसटते. म्हणून अशा रुग्णांत गोळा खाली आणताना मांडीचे हाड मुद्दाम थोडे कापून आखूड केले जाते. पाय लांब होईल या आशेने आलेल्या रुग्णाचे हाड कापावे लागणार, ही बाब आधी समजावून सांगितली नाही तर नंतर ती पटणे कठीण जाते.

दोन्ही खुबे बिघडलेल्या रुग्णांचा प्रश्न आणखी निराळा. पहिल्या बाजूची शस्त्रक्रिया होताच तो पाय लांब होतो आणि दुसरी शस्त्रक्रिया होईपर्यंत फरक कायम राहतो. दुसऱ्या वेळी मात्र शल्यचिकित्सकास जुळवून घेण्याची संधी मिळते. त्यामुळे पहिल्या शस्त्रक्रियेनंतरच्या फरकाने अशा रुग्णांनी घाबरून जाण्याचे कारण नसते.

पृष्ठभागरोपणाची मर्यादा

चेन्नईस प्रसिद्धी मिळवून देणाऱ्या पृष्ठभागरोपणात मांडीच्या हाडाची मान जशीच्या तशी राहते. त्यामुळे पायाची लांबी नैसर्गिक लांबीच्या जवळ राहते आणि पाय नकळत लांब होण्याची शक्यता कमी असते. पण याच कारणाने मुळातला मोठा फरक या पद्धतीने भरून काढता येत नाही. झिजलेल्या सांध्यातील अंतर परत मिळाल्याने फार तर एखादा सेंटिमीटर मिळतो. तीन-चार सेंटिमीटर आखूड पाय घेऊन आलेल्या रुग्णास या पद्धतीचे नाव ऐकून आशा वाटणे स्वाभाविक असले, तरी त्याच्यासाठी संपूर्ण सांधा बदलणेच योग्य ठरते.

धातूवर धातू घासणाऱ्या या सांध्यांतून कोबाल्ट आणि क्रोमियमचे सूक्ष्म कण रक्तात उतरतात, हेही पुढे स्पष्ट झाले. लहान आकाराच्या गोळ्यांत, म्हणजे प्रामुख्याने स्त्रियांत, अपयशाचे प्रमाण अधिक आढळल्याने बर्मिंगहॅम उपकरणाचे लहान आकार २०१५ मध्ये उत्पादकाने मागे घेतले. ही पद्धत आता निवडक रुग्णांपुरती, मुख्यतः भक्कम हाडाच्या तरुण पुरुषांपुरती, उरली आहे.

शस्त्रक्रियेनंतरचे महिने

शस्त्रक्रियेनंतर जाणवणारा लांबपणा पुष्कळदा भासमान असतो. वर्षानुवर्षे आखडलेले स्नायू नव्या सांध्यावर कंबर एका बाजूला ओढून धरतात. व्यायामाने ते सैल झाल्यावर, साधारणतः तीन ते सहा महिन्यांत, हा भास ओसरतो. या काळात घाईने बुटात उंच तळवा घातल्यास कंबर तिरपीच राहण्याची सवय लागते. म्हणून पहिले काही महिने वाट पाहावी, असा सल्ला दिला जातो. मात्र पाऊल उचलता न येणे, बधिरता किंवा मांडीत अचानक वाढलेली कळ ही लक्षणे असल्यास थांबणे योग्य नव्हे. शल्यचिकित्सकाशी तत्काळ संपर्क साधणे आवश्यक असते.

सहा महिन्यांनंतरही फरक उरला, तर पादत्राणांचा विचार होतो. सुमारे एक सेंटिमीटरपर्यंतची उंची बुटाच्या आत सामावते. त्यापुढे तळव्याला बाहेरून थर लावावा लागतो. पूर्ण फरक भरून काढण्याची गरज नसते, निम्म्याहून थोडा अधिक भरला तरी बहुतेकांना पुरेसे होते. पाश्चात्त्य पुस्तकांतील हा उपाय भारतीय घरात मात्र अर्धाच लागू पडतो. स्वयंपाकघर, देवघर, मंदिर येथे माणूस अनवाणीच असतो. दिवसातील बराच वेळ घरात जाणाऱ्या गृहिणीस उंच तळव्याच्या बुटाचा उपयोग बाजारापुरता होतो. घरात वापरण्यासाठी वेगळी चप्पल करून घेणे हा त्यावरचा व्यवहार्य मार्ग आहे. मुंबईतील हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था तसेच चेन्नईतील के. के. नगर येथील शासकीय पुनर्वसन वैद्यक संस्था या क्षेत्रातील सार्वजनिक संस्था होत.

हाड लांब करण्याची शस्त्रक्रिया हा अखेरचा मार्ग असून तो खुबारोपणाहून स्वतंत्र आहे. सैबेरियातील कुर्गान येथे गॅव्हरिल इलिझारोव्ह यांनी १९५० च्या दशकात विकसित केलेल्या तंत्रात हाड कापून बाहेरून कड्यांची चौकट बसविली जाते आणि दोन टोके दररोज एक मिलिमीटर, तेही चार हप्त्यांत, दूर नेली जातात. मधल्या फटीत नवे हाड तयार होते. पाच सेंटिमीटरसाठी ताणण्याचेच सुमारे ५० दिवस लागतात आणि हाड पक्के होईपर्यंत दर सेंटिमीटरमागे महिना किंवा अधिक काळ चौकट वागवावी लागते. महाराष्ट्रात अकोल्यातील डॉ. मिलिंद चौधरी यांचे केंद्र या तंत्रासाठी परिचित आहे. वाढत्या वयातील मुलांत लांब पायाची वाढ योग्य वेळी रोखून फरक मिटविता येतो. म्हणून मुलाच्या लंगडण्याची तपासणी लवकर होणे महत्त्वाचे ठरते.

संमती आणि नोंदी

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये व्ही. पी. शांता प्रकरणात शुल्क आकारून दिली जाणारी वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. २००८ मधील समीरा कोहली प्रकरणाच्या निकालात रुग्णाची संमती पुरेशी माहिती देऊन घेतलेली असावी, असे स्पष्ट झाले. पायाच्या लांबीत फरक पडण्याची शक्यता हा या माहितीचा भाग असायला हवा. शस्त्रक्रियेपूर्वी मोजलेला फरक कागदावर नोंदविलेला असेल, तर नंतरचे अनेक वाद टळतात. आपले दोन पाय आधीपासूनच असमान होते, हे पुष्कळ रुग्णांना शस्त्रक्रियेनंतरच्या मोजणीतच प्रथम कळते. दूरवरून चेन्नईस गेलेल्या रुग्णांच्या बाबतीत ही नोंद अधिक मोलाची असते, कारण पुढील तपासण्या बहुधा गावाकडच्या डॉक्टरांकडे होतात.

बसविलेल्या उपकरणाचे नाव, आकार आणि तुकडी क्रमांक असलेली चिकटपट्टी रुग्णाच्या कागदपत्रांत लावलेली असते. ती जपून ठेवण्याचे कारण एएसआर या धातूच्या खुब्याच्या प्रकरणात दिसून आले. डीप्यू या उत्पादक कंपनीने ऑगस्ट २०१० मध्ये हे उपकरण जगभरातून मागे घेतले. भारतात ते सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत वापरले गेले होते. केंद्र शासनाच्या तज्ज्ञ समितीचा अहवाल २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी भरपाईचे सूत्र ठरविण्यात आले, तेव्हा साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांचा शोध लागलेला नव्हता. सांधा पुन्हा बदलण्याची वेळ आल्यास हीच चिकटपट्टी शल्यचिकित्सकास जुन्या गोळ्याचा आकार आणि मानेची लांबी सांगते, आणि त्यावरून दुसऱ्या शस्त्रक्रियेत पायाची लांबी किती राखायची याचा हिशेब मांडता येतो.